बिनरंगाचे घोडेस्वार

आमच्या टेबलावरच्या लढाईचा पहिला नियम असा, की बिनरंगाचा माणूस मैदानात उतरणार नाही. हा नियम मी केलेला नाही. जगात जिथं जिथं रिकामी माणसं बोटभर उंचीचे शिपाई मांडून जुन्या लढाया नव्यानं लढतात, तिथं हा चालतो. शिशाचा करडा शिपाई म्हणजे नुसता धातूचा तुकडा. त्याला डोळे, मिशा, पागोटं, जोडे रंगवून द्यायचे, मग तो मरायला लायक होतो.

या नियमाच्या जोरावर मी रघुरामला वर्षानुवर्षं एक लढाई पुरी लढू दिली नाही. तो याला लबाडी म्हणायचा. मी युद्धनीती म्हणतो, आणि अजूनही म्हणेन.

मी डॉक्टर चंद्रमौळी राव, दातांचा. सारंगपाणी देवळापासून हाकेच्या अंतरावर माझा दवाखाना होता. पाठीनं संप पुकारला तेव्हा पाटी उतरवली, पण खुर्ची ठेवली, कारण तिच्यावरच्या दिव्यासारखा उजेड कुंभकोणमात दुसरीकडे मिळत नाही. तरुणपणी पुण्याला शिकायला गेलो, तेव्हा माझं तंजावरी मराठी ऐकून वर्गातली पोरं पोट धरून हसायची. त्या रागानं मी त्यांचं मराठी शिकलो आणि तेच इथं लिहितोय. घरात आम्ही आमचं तंजावरी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर तमिळ.

आता घरात तरी कोणाशी बोलणार? बायको, पंकजा, लेकीचं बाळंतपण करायला अमेरिकेला गेली ती तिकडचीच झाली. सहा महिने म्हणून गेली, मग आणखी सहा महिने, मग दुसरं नातवंड. तमिळमध्ये मी भाजी घेतो, विजेचं बिल भरतो, शेजाऱ्याला बरं आहे का विचारतो. सगळं गोड बोलणं. पण माणसाला भांडायला स्वतःची भाषा लागते, आणि त्या भाषेत माझ्याशी भांडणारा या गावात एकच माणूस उरला होता.

रघुराम सरकारी इंजिनीयर होता. कावेरीचे कालवे आणि त्यांची दारं यात त्याचा जन्म गेला. राहायला साक्कोट्टैला, लेक जयश्रीजवळ. दर रविवारी जेवण करून टाउन बसनं यायचा, दवाखान्याच्या खोलीतल्या मोठ्या टेबलापाशी बसायचा आणि संध्याकाळपर्यंत माझं डोकं खायचा.

लढाई आमची ठरलेली, वालिकोंडपुरमची. शिवाजीमहाराज दक्षिणेतून परत गेले आणि मागं राहिलेल्या संताजीवर तंजावरच्या एकोजीराजांनी चाल केली. संताजी आणि एकोजी दोघंही शहाजीराजांचे मुलगे, दोन्ही फौजा आपल्याच. दिवसभर एकोजीच्या लोकांनी संताजीला असं झोडपलं की त्याचे लोक मैदान सोडून पळाले. आमची तंजावरची मंडळी ही गोष्ट सांगताना इथंच थांबतात आणि पान खातात. पुढचं असं, की रात्री संताजीचे स्वार गुपचूप परतले, झोपलेल्या छावणीवर पडले आणि दिवसाचा सगळा हिशोब उलटा करून गेले.

शिपाई विलायतेहून मागवावेत तर तिकडं नेपोलियनचे हवे तेवढे, रोमचे हवे तेवढे, आणि मराठा म्हटला की हात वर. शेवटी रघुरामनं स्वामिमलैचा एक मूर्तिकार गाठला. त्यानं दोनच नमुने केले, एक पायदळाचा आणि एक स्वाराचा, आणि त्यांचे साचे करून शिशाच्या फौजा ओतून दिल्या. जन्मभर देव घडवलेला माणूस. त्याच्या हातचा शिपाईसुद्धा कमरेत किंचित वाकलेला, ओठांवर हसू असलेला निघाला. स्वार तर सरळ मुरुगनच, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, फक्त मोराच्या जागी घोडा.

"हा मारायास निघाला नाहीं," रघुराम स्वार हातात घेऊन म्हणाला होता, "वर द्यायास निघालाय."

दोन्हीकडं मराठेच, तेव्हा एकच साचा दोघांना चालला. फरक पागोट्याचा. माझे एकोजीचे पिवळे, त्याचे संताजीचे लाल. रंगवायचं काम माझ्याकडं, कारण हात माझा. मी पायदळ रंगवलं, घोडदळ रंगवलं, तंबू शिवले, चिंचेच्या काटक्यांची झाडं केली. रात्री परतणाऱ्या स्वारांची मात्र वेगळी पेटी होती आणि ती तशीच राहिली. दर रविवारी दिवेलागणीच्या आत लढाई माझ्या बाजूनं संपायची. मग रघुराम हात चोळत म्हणायचा, "आतां रात्र होवूं दे."

"तुझे स्वार बिनरंगाचे अहेत," मी म्हणायचो.

"तूं रंगवत नाहींस म्हणून!"

"वेळ नाहीं."

"दांत काढायचे बंद केलास, बायको अमेरिकेंत, आणि तुला वेळ नाहीं?"

मग जे भांडण जुंपायचं त्याची लज्जत काय सांगू. आम्ही अंतर बोटांनी मोजायचो. पायदळ एका चालीत चार बोटं, घोडदळ आठ. पण बोट कोणाचं? त्याचं बारीक, माझं जाड. या एका मुद्द्यावर कित्येक रविवार गेले. अखेर दोघांच्या बोटांचा मध्य काढून त्यानं एक बांबूची पट्टी आखून आणली, तर मी म्हटलं, इंजिनीयरनं आखलेली पट्टी आहे, कालव्यासारखी गळणार. फासा पडला की मी खाली वाकून बघायचो, तो कशाला टेकून उभा राहिला नाही ना. तोही तसाच वाकायचा. दोन म्हातारी डोकी एका फाशावर आपटायची. माझा आठवडा त्या डोकी आपटण्यावर चालायचा, हे मला तेव्हाही माहीत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी रघुरामनं माझं पायदळ उचललं. पिवळी पागोटी, माझी, डाव्या बगलेची. चार बोटं पुढं नेलं आणि स्वतःच्याच लाल घोडदळावर घातलं. मला आधी वाटलं, चुकला. पुढच्या चालीला त्यानं पुन्हा तेच केलं, आणि वर म्हणाला, "हाण! संताजीचे गडी अहेत हे!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हरायचा कंटाळा आला असेल तर तोंडानं सांगावं, माझ्या लढाईची टिंगल कशाला? मी तोंड सोडलं. त्याला पोरकट म्हटलं, रडका म्हटलं, कालव्याच्या खात्यात राहून डोक्यात चिखल भरलाय म्हटलं. त्यानं हातातला शिपाई टेबलावर ठेवला. नीट उभासुद्धा ठेवला नाही, तो आडवा पडला. "जातों," म्हणाला आणि गेला.

भांडणं आमची शेकड्यांनी झाली होती, पण भांडणात तो कधी उठून गेला नव्हता. मी पुढच्या रविवारी दोघांची कॉफी टाकली आणि दोन्ही पेले मीच प्यालो. त्याच्या पुढच्या रविवारी एकच टाकली. आधी तो फोनवर भलेमोठे टोमणे टाइप करून पाठवायचा, त्या जागी आता कधीतरी चार शब्दांचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, "बेस अहे, मौळी. पुढें बघूं." टाइप करायचासुद्धा आळस, म्हटलं. रागात माणूस आळशी होतो.

पंकजाचा फोन रोज सकाळी येतो. तिकडं तेव्हा रात्र असते आणि ती भांडी आवरत बोलते.

"तुम्ही स्वतः जाऊन या कीं," ती म्हणाली. "साक्कोट्टै काय चंद्रावर अहे?"

"चूक त्याची अहे."

"मग चूक घेऊन बसा. तिलाच कॉफी द्या."

बायकोला दोन समुद्रांपलीकडून बरोबर मर्मावर बोट ठेवता येतं. फोन ठेवल्यावर मी पुष्कळ वेळ त्या टेबलाकडं बघत बसलो. आडवा पडलेला शिपाई मी अजून उभा केला नव्हता. मला एकटेपणा वाटत होता. हे असं सरळ लिहायला मला आवडत नाही, पण होतं ते होतं.

मी विचार केला. हा माणूस हरून हरून विटला. त्याला एकदा जिंकायचंय. त्याची रात्र मी इतकी वर्षं अडवून ठेवली, ती त्याला दिली की येईल. स्वार रंगवले की येईल. मला दुसरं कारण सुचलंच नाही.

पेटी सामानाच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांमागं सापडली. तिथंच उघडली. दमट लाकडात राहून शिशावर पांढरी भुकटी चढली होती. दाताला कीड लागते तशी शिशालाही लागते. काहींचे भाले गळून पडलेले, एका घोड्याचा पाय भुगा झालेला, मुरुगनचं हसू कुठं राहिलं होतं आणि कुठं नाही. मी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, कारण ही भुकटी विषारी असते, आणि एकेकाला खुर्चीवरच्या दिव्याखाली घेतलं. जन्मभर केलं तेच काम. टोकदार हत्यारानं कीड खरवडायची, ब्रशनं धुवायचं, खड्डा भरायचा. घोड्याच्या पोटाखालचं दिसेना, तर तोंडात घालायचा छोटा आरसा लावून बघितलं. तुटलेल्या भाल्यांच्या जागी दाताच्या तारा बसवल्या. रोगी एकही ओरडला नाही.

मग अस्तराचा काळा हात आणि मग रंग. त्यात किती दिवस गेले मी मोजले नाहीत. सकाळी पंकजाचा फोन, मग स्वार, मग दहीभात, मग स्वार. मी त्यांच्याशी बोलायला लागलो. "मान वर कर," म्हणायचो. "तुझ्या सरदाराला सांग, मौळीनं तुला रंगवलंय, फुकट नव्हे, ये म्हणावं." घोडे मी कोणतेच दोन सारखे ठेवले नाहीत. एक तांबूस, एक अबलख, एक राखी, एकाच्या कपाळावर चांद. साचा एक असला म्हणून काय झालं, जनावराला स्वतःचं तोंड हवं.

आणि पागोट्यांपाशी आलो तेव्हा मला एक कल्पना सुचली, तिच्यावर मी स्वतःच खूश झालो. रात्रीच्या छाप्याला निघालेला माणूस लाल पागोटं मिरवत जाईल का? मी पातळ कागद गोंदात भिजवून प्रत्येकाला डोक्यावरून घोंगडी पांघरली, काळी, कडेला करड्या दोऱ्याची रेघ. एकाही स्वाराच्या अंगावर लाल ठिपका ठेवला नाही. रघुराम हे बघेल आणि आधी भांडेल, माझा लाल कुठं गेला म्हणून. मग त्याच्या ध्यानात येईल आणि मांडीवर थाप मारेल. ती थाप मला आधीच ऐकू येत होती.

काम झाल्यावर मी फोन केला. माझ्या मानानं हा फार मोठा पराभव होता.

"रघू, स्वार झाले."

सगळेच झाले यावर त्याचा विश्वास बसेना. मग म्हणाला, "अस्के?"

"हो, अस्के. एकपण उरला नाहीं. रविवारीं रात्र करूं."

"खरेंच रंगवलास?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "येतों मौळी. येतों."

रविवारी तो रिक्षानं आला. मी दारातच सुरुवात केली, पेन्शनला पंख फुटले का, बसनं यायला लाज वाटते का. तो हसला. जयश्रीनं रिक्षा ठरवून दिली म्हणाला, गुडघा दुखतोय. रिक्षावाल्याला त्यानं फाटकाशी थांबायला सांगितलं. गोरा माणूस उन्हानं काळवंडतो तसा दिसत होता, वाळला होता. मला इतकं बरं वाटलं त्याला बघून की मी त्याच्या गुडघ्यावरही एक टोमणा मारला.

टेबल मी मांडून ठेवलं होतं. दिवसाची लढाई संपलेली, माझी छावणी पडलेली, तंबूंबाहेर पहारेकरी, उरलेलं लाल पायदळ ओढ्याच्या काठी. आणि त्याच्या बाजूला, झाडीच्या आड, फडक्याखाली झाकलेले स्वार. मी फडकं ओढलं.

रघुराम वाकला. एक स्वार उचलला, अगदी नाकापाशी नेला, मग अंगठा त्याच्यावरून हळूहळू फिरवला, घोड्याच्या मानेवरून, भाल्यावरून, डोक्यावरून. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बेस," म्हणाला. "काय बेस झालेंय मौळी! लाल तर असें बसलेंय कीं नुकतें डाळिंब फोडलेंय."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं वाक्य ओठांवर आलं होतं: मूर्खा, लाल कुठं अहे त्यांत? ते तिथंच राहिलं.

त्याच्या हातात काळी घोंगडी होती. दिवा थेट तिच्यावर होता.

माणसाच्या डोक्यात कधीकधी सगळ्या गोष्टी एकाच वेळी येऊन आपटतात. उन्हाळ्यातला तो रविवार. माझं पिवळं पायदळ त्यानं आपलं समजून उचललं होतं. साचा एक, आकार एक, बोटांना दोघंही सारखेच. फरक फक्त रंगाचा, आणि रंग त्याला उरला नव्हता. टाइप न करता पाठवलेले आवाज. रिक्षा. आणि मी त्याला पोरकट म्हटलं होतं, रडका म्हटलं होतं.

"होय," मी म्हटलं. "लाल बेस बसलाय."

आम्ही रात्र सुरू केली. पहिली चाल त्याची. त्यानं पट्टी हातात घेतली, तिच्यावर मी कधी न पाहिलेल्या खाचा पाडलेल्या होत्या, अंगठ्याला लागतील अशा. त्यानं स्वार पुढं नेले. आठ बोटांची चाल, ते दहा बोटं गेले. मी गप्प राहिलो. त्याचा हात ओढ्याच्या काठी आपलं पायदळ शोधत गेला आणि माझ्या पहारेकऱ्यांवर पडला. त्यानं माझेच पहारेकरी उचलून माझ्याच तंबूंवर घातले. मी गप्प राहिलो. छावणीतून पळणारे लोक त्याला सापडेनात, तेव्हा मी ते हळूच त्याच्या हाताखाली सरकवले.

त्यानं फासा टाकला. दोन पडले होते.

"सहा," मी म्हटलं.

"सहा!" तो ओरडला. पुन्हा टाकला. तीन.

"पुन्हा सहा. आज तुझा हात लागलाय, रघू."

"होय कीं."

त्याच्यानंतर एकदा चार पडले, एकदा एक, आणि मी सगळ्यांचे सहा केले. टाकताना तो वाकला नाही, मीही वाकलो नाही. माझी छावणी पडली. माझा सरदार एका तंबूशी उभा होता, त्याला रघुरामनं चाचपून शोधलं आणि आडवं केलं. संताजी जिंकला. इतक्या वर्षांनी एकदाची ती रात्र संपली होती, बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"जिंकलास," मी म्हटलं.

"जिंकलों," तो म्हणाला. त्यानं मांडीवर थाप मारली नाही. बोटांनी टेबलाची कड चाचपत बसला.

मी कॉफी आणली. पेल्यातली वाटीत, वाटीतली पेल्यात करून निववली आणि त्याच्या हाताशी, बरोबर हाताशी, ठेवली. दोघंही काही बोललो नाही. आमच्या लढाईनंतरची कॉफी म्हणजे दुसरी लढाई असायची, कोणाचा डावपेच फुकट गेला, कोणाची पट्टी वाकडी. मला वाटलं, थकला असेल. मला वाटलं, माझं चांगलं चाललंय. त्याला आनंद दिला, त्याची लाज राखली, पुढच्या रविवारी पुन्हा येईल, आणि असाच जिंकत राहील, मी काही म्हणणार नाही. मी मनातल्या मनात पुढचे सगळे रविवार मांडूनसुद्धा टाकले.

तो उठला. मी त्याच्या कोपराला हात लावला, आणि दारापर्यंत तसाच गेलो. ओसरीवर आल्यावर त्यानं कोपर सोडवून घेतलं.

"मौळी," तो म्हणाला. "आज तूं एकदांपण भांडला नाहींस."

मी त्याची चप्पल त्याच्या पायाशी सरकवली.

"मी मुद्दाम दहा बोटें गेलों. मोजून दहा. खाचा मीच पाडल्यात, मला कळतें. म्हटलें, आतां ओरडेल. तूं ओरडला नाहींस. म्हटलें, असूं दे, पहिली चाल अहे. मग सहा आले. मग सहा, मग सहा. जन्मांत तूं मला एक चार खालीं वाकल्याशिवाय दिला नाहींस."

"रघू—"

"डोळ्याच्या डॉक्टरानें सांगितलें तेव्हां मी रडलों नाहीं," तो म्हणाला. "म्हटलें, देव, नदी, जयश्रीचें तोंड, अस्कें बघून झालेंय. पण तिकडें घरांत सगळे माझ्याशीं हळू बोलतात. पाणी हातांत देतात. भांडत नाहींत. म्हणून तुझा फोन आल्यावर मी आलों. म्हटलें, मौळी नाहीं सोडायचा. त्याला कळलें तरी नाहीं सोडायचा. आंधळ्या, माझें पायदळ खालीं ठेव, असें म्हणेल. तेवढ्यासाठीं आलों."

फाटकाशी रिक्षावाला पेपर वाचत होता. रघुराम माझ्याकडं तोंड करून उभा होता, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. तो ओसरीच्या खांबाकडं बघत होता.

"आतां बोल," तो म्हणाला. "दोन बोटें ज्यास्त घेतलीं मी. सोडूं नोको. बोल."

मला सगळं पाठ होतं. दहा बोटं. बेकायदा चाल. छापा रद्द, स्वार परत झाडीत, पहारेकरी माझे, रडका, चोर, कालव्यांतला बेडूक. यातलं कोणतंही एक पुरलं असतं. मी श्वास घेतला, जमेल तेवढा राग गोळा केला, आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो खांबाकडं बघत वाट पाहत होता, थोडं हसूसुद्धा तयार ठेवून. ते बघून एकही वाकडा शब्द वर येईना. ज्यानं या माणसाशी आयुष्यभर भांडणंच केली, त्याला त्या दिवशी भांडता आलं नाही.

त्यानं बराच वेळ दिला मला. मग मान हलवली आणि पाय उचलला.

"जपून," मी म्हटलं. "पायरी अहे."

त्या पायरीवरून तो आमचे केस काळे असल्यापासून चढत उतरत होता.

"सरि," तो हळूच म्हणाला, शेजाऱ्याला तमिळमध्ये 'बरं' म्हणावं तसं, आणि माझ्यासाठी, मला बरं वाटावं म्हणून, ती पायरी चाचपत उतरला.